जुळे सोलापुरात छोटी लॅब: ट्यूबा स्वतः ओताव्यात की तयार किट घ्यावं?

माझा मावसभाऊ डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) करून जुळे सोलापुरात लॅब चालवतो. आता त्याला कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, सुरू करायचंय. त्याचा प्रश्न एकच होता, मीडिया (जंतू वाढवायचं खाद्य) आणि बायोकेमिकल (जंतू ओळखायच्या रासायनिक चाचण्या) घरी बनवू की तयार आणू? मी त्यालाच विचारलं, आठवड्याला नमुने किती? म्हणाला, पाच-सहा, त्यात बहुतेक लघवीचेच. निम्मं उत्तर इथेच मिळतं.

आधी प्लेट. पुस्तकात ब्लड अगार (रक्त मिसळलेला मीडिया) आणि मॅकॉन्की (पित्तक्षार असलेला मीडिया) अशी जोडी लिहिलेली असते. आपल्या जिल्ह्यात मेंढ्यांना तोटा नाही, पण मेंढीचं रक्त निर्जंतुक काढून, काचेच्या मण्यांबरोबर हलवून देणारा माणूस शोधायला निघालात की कळतं. ब्लड बँकेतली मुदत संपलेली पिशवी वापरायचा मोह टाळा. त्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं, शिवाय रक्तदात्याची अँटिबॉडी. लघवीसाठी एकटं सीएलईडी, म्हणजे कमी क्षारांचं, लॅक्टोज (दुधातली साखर) घातलेलं मीडिया, पुरतं. लॅक्टोज खाणारे ई. कोलाय, क्लेब्सिएला हे जंतू त्यावर पिवळे दिसतात, प्रोटियस हा जंतू निळसर. ब्लड अगारवर प्रोटियस लाटेसारखा पसरून बाकीच्या कॉलन्या झाकतो; सीएलईडीत क्षार कमी असल्याने तो जागेवर राहतो. मॅकॉन्कीवरही तो पसरत नाही, पण पित्तक्षारांमुळे तिथे स्टॅफ आणि एन्टरोकॉकस हे जंतू नीट वाढत नाहीत. खर्चाचा हिशेबही सोपा आहे. सीएलईडीची लिटरला सुमारे 36 ग्रॅम पावडर, प्लेटला 20 मिली, म्हणजे 500 ग्रॅमच्या बाटलीत जवळपास 690 प्लेटा. बाटली उघडल्यावर झाकण घट्ट लावा, नाहीतर पावसाळ्यात पावडरीचे ढेकूळ होतात.

रंगीत क्रोमोजेनिक प्लेट, जिच्यावर वेगवेगळ्या जंतूंच्या कॉलन्या वेगवेगळ्या रंगाच्या येतात, मला आवडते. ई. कोलाय कॉलनीच्या रंगावरूनच ओळखू येतो, पुढच्या ट्यूबा वाचतात. मात्र कंपनी बदलली की रंग बदलतात, तेव्हा सोबतचं पत्रक भिंतीवर चिकटवा. रोज आठ-दहा नमुने असतील तर ती परवडते. आठवड्याला पाच-सहासाठी नाही.

आता बायोकेमिकल. वीस खणांची तयार पट्टी (हेच ते किट) म्हणजे झटपट निकाल, असा गैरसमज सर्रास आहे. तिलाही 18 ते 24 तास लागतातच. काही खणांवर तेल टाकायचं, काहींत नंतर रिएजंट. फायदा असा की शेवटी सात आकडी नंबर मिळतो आणि त्यावरून नाव काढता येतं. पण शुद्ध कॉलनी घेतली नसेल तर तो नंबरही पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचं नाव सांगतो.

ट्यूबांत मी चारच ठेवेन: इंडोल, सायट्रेट, युरिएज, टीएसआय (तीन साखरा आणि लोह असलेली, तिरकी गोठवलेली ट्यूब). इंडोलच्या ट्यूबेत कोव्हॅक्स रिएजंटचे थेंब टाकताच वर लाल कडं आलं आणि सायट्रेट हिरवंच राहिलं, की ई. कोलाय. कडं नाही, पण सायट्रेट निळं झालं, तर क्लेब्सिएलाकडे वळायचं. युरिएज दोन-चार तासांत गुलाबी झाली तर प्रोटियस समजायला हरकत नाही. सायट्रेटवर कॉलनी भरभरून लावू नका, खोटा निळा येतो. आणि युरिया ऑटोक्लेव्हमध्ये घालायचा नाही. बेस (युरियाशिवायचं बाकीचं मिश्रण) 50 अंशांपर्यंत थंड झाल्यावर गाळून निर्जंतुक केलेला मिसळायचा. सुरुवातीला मी सगळं एकत्रच 121 अंशांवर शिजवलं होतं. युरिया फुटला, ट्यूबा जंतू न लावताच गुलाबी!

दुसरी चूकही माझीच. शनिवारी लावलेली टीएसआय सोमवारी वाचली. साखर संपल्यावर जंतू पेप्टोनकडे वळतात आणि पिवळी व्हायची ती तिरकी बाजू परत लाल दिसू लागते. रविवारी लॅब उघडणार नसाल तर शनिवारी टीएसआय लावू नका.

नाव काढायची एवढी खटपट कशाला, सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध चालेल ते) दिली की झालं, असं काही डॉक्टर म्हणतात. पण क्लेब्सिएलावर अँपिसिलिन जात्याच चालत नाही, प्रोटियसवर नायट्रोफ्युरँटॉइन नाही. औषधाच्या डिस्कभोवती जंतू न वाढल्याचं वर्तुळ दिसलं तरी नाव माहीत असेल तर तो रिपोर्ट तुम्ही तसाच सोडणार नाही.

सोलापुरात मशीनचाही विचार करा. साध्या इन्क्युबेटरला फक्त गरम करता येतं. मे महिन्यात खोलीच 41 अंशांवर गेली की तो 37 कुठून ठेवणार? प्लेटा कडेने सुकून चिरतात. थंडही करणारा बीओडी इन्क्युबेटर घ्या, किंवा निदान खोलीत एसी लावा. किटवर वाचवायचे ते पैसे इथे घाला.

मावसभावाला मी सांगितलं ते असं: सीएलईडी स्वतः ओत, पंधरवड्यापुरतंच, प्लेटा पिशवीत बांधून फ्रिजमध्ये. चार ट्यूबा स्क्रू झाकणाच्या, कापसाच्या बोळ्याने त्या लवकर सुकतात. पट्टीचा खोका आणू नकोस. मुदत संपेपर्यंत अर्धा तसाच राहील. या चार ट्यूबांत न बसणारा जंतू निघाला तर कॉलनी स्लांटवर (ट्यूबेत तिरक्या गोठवलेल्या मीडियावर) घेऊन मोठ्या लॅबला पाठव. त्याने बाटली मागवली आहे. बीओडीसाठी अजून घासाघीस चालू आहे.