एक माणूस कमी, तीन अल्बम

मी बेस गिटार वाजवायचे. चौघांचा बँड होता, सहा वर्षं टिकला आणि गिटारवाला गेल्यावर दोन महिन्यांत संपला. भांडण नव्हतं. त्याला दुसरीकडे नोकरी लागली, तो गेला. आम्ही तिघं त्याच खोलीत, त्याच वेळेला जमत राहिलो. एका गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी त्याचा चार मात्रांचा तुकडा यायचा. तिथे आलो की तिघंही नकळत गप्प व्हायचो, चार मात्रा जाऊ द्यायचो आणि मग पुढे वाजवायचो. ती जागा कशाने भरायची, का भरायचीच नाही, हे आम्हाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

म्हणून एखाद्या बँडमधून कोणी गेल्याचं कळलं, की त्यांच्या पुढच्या अल्बमची मी जरा जास्तच वाट बघते. सप्टेंबर २०२५ मध्ये असे तीन अल्बम एकाच महिन्यात आले. ५ तारखेला बिग थीफचा 'डबल इन्फिनिटी', १९ तारखेला वेन्सडेचा 'ब्लीड्स' आणि २६ तारखेला गीसचा 'गेटिंग किल्ड'. तिन्ही बँड अमेरिकेतले, तिन्ही अल्बम इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र, लेबलांवर. आणि तिन्ही बँडमध्ये आधी होतं तसं काहीतरी आता राहिलेलं नाही. आमचा जुना ड्रमर आणि मी अजूनही नवीन अल्बम आला की फोनवर तासभर बोलतो. या तिघांवरून आमचं जितकं वाजलं तितकं गेल्या कित्येक वर्षांत वाजलं नव्हतं.

बिग थीफपासून सुरू करते, कारण तिथे गेला तो बेसवालाच. मॅक्स ओलिअर्चिक जुलै २०२४ मध्ये बँडमधून बाहेर पडला. उरले गाणारी एड्रियन लेंकर, गिटारवाला बक मीक आणि ड्रमर जेम्स क्रिव्हचेनिया. ओलिअर्चिकचं वाजवणं मला फार आवडायचं. गाणं पुढे सरकलेलं असायचं आणि तो मागून निवांत यायचा, पण पोचायचा बरोबर. २०२२ चा त्यांचा वीस गाण्यांचा अल्बम मी निव्वळ बेससाठी कितीदा तरी ऐकलाय. त्यामुळे नवा अल्बम लावताना धाकधूक होती.

या तिघांनी काय केलं, तर रिकाम्या खुर्चीत एक माणूस बसवण्याऐवजी सगळी खोलीच माणसांनी भरून टाकली. न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत दहाएक वादक-गायक बोलावले. तीन आठवडे, रोज सुमारे नऊ तास, सगळे एकत्र बसून एकाच वेळी वाजवत होते. रचना तिथल्या तिथे सुचत गेली आणि वरून ओव्हरडब, म्हणजे नंतर वेगळे वाजवून चढवलेले भाग, अगदी थोडे केले. त्या घोळक्यात झिदर हे तंतुवाद्य वाजवणारे लाराजीही आहेत. १९४३ चा जन्म त्यांचा. वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमध्ये वाजवत बसलेले असताना संगीतकार-निर्माता ब्रायन इनोने त्यांना ऐकलं, आणि १९८० मध्ये त्यांचा त्याच्याबरोबरचा अल्बम आला. ऐंशी ओलांडलेला हा माणूस या तरुण मंडळींत मिसळून 'ग्रँडमदर' या गाण्यात शब्दांशिवाय नुसता आवाज लावतो, तेव्हा माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. हे गाणं तिघांनी मिळून लिहिलेलं आहे. एरवी बँडची बहुतेक गाणी लेंकर लिहिते. एक जण गेल्यावर उरलेले एकमेकांच्या जवळ सरकून बसतात, तसं ते मला वाटलं.

पहिलं गाणं 'इनकॉम्प्रिहेन्सिबल' तर या अल्बमचं सगळ्यात मोठं देणं आहे. लांबचा गाडीप्रवास, जवळ आलेला वाढदिवस, केसांत दिसू लागलेली चंदेरी छटा. वय वाढण्याबद्दल इतक्या मोकळ्या मनाने लिहिलेलं गाणं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. लेंकरचा आवाज या गाण्यात कुठेही ताणलेला नाही. मागे सतत काहीतरी झुळझुळत असतं, त्यातलं काय कोण वाजवतंय हे शोधायला गेलं की सापडत नाही, आणि शोधणं सोडलं की सगळंच ऐकू येतं.

आणि 'नो फिअर'. सात मिनिटांच्या आसपासचं हे गाणं जवळजवळ पूर्ण बेसवर उभं आहे. एकच आकृती, तीच ती, गोल फिरत राहते आणि बाकीचे तिच्याभोवती येतात-जातात. मी हे पहिल्यांदा रात्री दिवा मालवून ऐकलं आणि उठून पलंगाखालची बेसची पेटी ओढून काढली. तारा गंजल्या होत्या. तरी वाजवलं. ज्या बँडचा बेसवाला गेला, त्यांनी अल्बमचा कणा बेसवरच ठेवावा, याला मी धीटपणा म्हणते.

ड्रमरचं मत वेगळं. त्याच्या मते अख्खा अल्बम उकडलेला आहे, तिखटमीठ लागत नाही. 'ग्रँडमदर' आणि 'नो फिअर'वर मी त्याच्याशी भांडले, पण 'हॅपी विथ यू'वर गप्प बसले. दोन-चार शब्द घेऊन ते गाणं फिरत राहतं. माझ्या अंदाजाने हेतू जपासारखा असावा, पण माझा जप काही लागला नाही. खोलीत इतके लोक आहेत की कोणी चुकलं तरी कळणार नाही, आणि कोणी चुकणार नसेल तर ऐकणारा सावरून बसत नाही. पूर्वीच्या बिग थीफमध्ये चौघं एकमेकांकडे डोळे लावून वाजवतायत हे कानाला कळायचं. ती ओढ इथे मधल्या भागात सैल पडते. शेवटच्या गाण्यात, 'हाउ कुड आय हॅव नोन'मध्ये, सगळे मिळून गातात तेव्हा ती थोडी परत येते.

वेन्सडेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो अल्बम चांगला आहे हे पटवायला मला कष्ट पडत नाहीत. 'टाउनीज' ऐकवलं की काम होतं. बँडची गाणारी कार्ली हार्ट्झमन लिहिते तशी गाणी आत्ता फार कमी लोक लिहितात. 'टाउनीज'मध्ये लहान गावातल्या शाळकरी वयातली एक ओंगळ आठवण आहे. ज्याने तिच्याशी वाईट वागणूक केली तो मुलगा आता हयात नाही, त्यामुळे राग काढायला समोर माणूसच उरला नाही. एवढी गुंतागुंत ती सहज बोलल्यासारखी सांगून पुढे जाते आणि मग गिटार कोसळतात.

या बँडमध्ये तसं कोणी गेलेलं नाही, आणि गेलेलंही आहे. हार्ट्झमन आणि गिटारवाला एमजे लेंडरमन यांचं नातं संपलं. अल्बमवर तो आहे, पण बँडबरोबर दौऱ्यावर जायचं त्याने थांबवलं. हे माहीत असताना 'द वे लव्ह गोज' ऐकणं जड जातं. दोन मिनिटांचं, जवळजवळ निःशस्त्र गाणं. मला यात कुतूहलाचा भाग नको होता, म्हणून मी मुद्दाम सगळं विसरून पुन्हा ऐकलं. तरी ते तेवढंच लागलं. 'एल्डरबेरी वाइन'मध्ये झँडी चेल्मिसची पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची गिटार) इतकी गोड आहे की शब्दांतली कुरकुर पहिल्यांदा ऐकताना निसटून जाते. आणि 'वॉस्प' हे जेमतेम दीड मिनिटाचं किंचाळणं अल्बमच्या उत्तरार्धात का आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या गाण्यासकट ऐकावं. सुटं ऐकलं तर त्याला अर्थ नाही. शेवटचं 'गॅरीज टू' हे २०२१ च्या 'ट्विन प्लेग्ज'मधल्या गाण्याचा पुढचा भाग आहे. ते आधी ऐकलेलं असेल तर जास्त मजा येते, नसेल तरी अडत नाही.

माझी एकच तक्रार आहे. गोंगाटाचे भाग आता त्यांच्या हातचे झालेत. २०२३ च्या 'रॅट सॉ गॉड'मध्ये आवाज वाढायचा तेव्हा भीती वाटायची. 'ब्लीड्स'मध्ये तो कुठे वाढणार हे मला दोन ओळी आधी कळतं.

आता गीस. यावर मी आणि ड्रमर तीन रात्री भांडलो.

गीसमध्ये पाच जण होते. २०२३ च्या शेवटी गिटारवाला फॉस्टर हडसन शिक्षणाकडे लक्ष द्यायला बाहेर पडला. हे वाचलं तेव्हा मला आमची खोली आठवली. उरलेल्या चौघांनी, म्हणजे गाणारा कॅमरन विंटर, गिटारवर एमिली ग्रीन, बेसवर डॉमिनिक डिजेसू आणि ड्रमवर मॅक्स बॅसिन यांनी, लॉस एंजेलिसमध्ये निर्माता केनेथ ब्लूमबरोबर अवघ्या दहा दिवसांत हा अल्बम वाजवला. ब्लूम 'केनी बीट्स' या नावाने रॅपच्या दुनियेत ओळखला जातो, आणि ते इथे ऐकू येतं. ड्रम आणि बेस पुढे आहेत, अगदी तोंडावर. गिटार मात्र कितीदा तरी नुसती एका कडेला उभी असते, एखादा स्वर टाकते आणि परत गप्प होते. दोन गिटारच्या बँडने एक गिटार गमावली आणि दुसरीनेही बोलणं कमी केलं. आम्ही त्या चार मात्रांत गप्प बसायचो तेव्हा ओशाळून बसायचो. हे चौघं त्या गप्प जागेवर गाणं उभं करतात.

'हझबंड्स' ऐका. ड्रम आणि बेस लंगडल्यासारखे चालत असतात, वर फारसं काहीच नाही, आणि तरी पाय थांबत नाही. मग 'टॅक्सेस'. सुरुवातीला नुसता ताल आणि विंटरचा आवाज. दीडेक मिनिट तसंच. इतकं, की हे गाणं असंच राहणार अशी समजूत होते. आणि मग गिटार उघडते. बंद घराच्या सगळ्या खिडक्या एकदम लोटाव्यात तशी. मी ते बसमध्ये ऐकत होते. माझा थांबा मागे पडला हे मला पुढच्या थांब्यावर कळलं. ती गिटार पहिल्या सेकंदापासून वाजली असती तर गाणं सुंदर झालं असतं, पण मी थांब्यावर उतरले असते.

विंटरचा आवाज हा भांडणाचा मुख्य विषय. ड्रमर म्हणाला, "अगं, तो गातोय का दुखतंय त्याला कुठे?" मी म्हटलं, दोन्ही. तो सूर धरतो, सोडतो, शब्द चावतो, मध्येच खर्जात बुडतो. त्याचा स्वतःचा 'हेवी मेटल' हा अल्बम डिसेंबर २०२४ मध्ये आला, तेव्हा मलाही पहिल्या दोन गाण्यांत जमलं नव्हतं. ज्यांना आता जमत नाही त्यांना मी 'त्रिनिदाद'पासून सुरुवात करायला सांगणार नाही, जरी अल्बम तिथूनच सुरू होत असला तरी. ते गाणं कुजबुजतं आणि मग अचानक आरडाओरडा करतं, आणि अर्धे लोक तिथेच बंद करतात. 'कोब्रा'ने सुरू करा. ते गोड आहे. मग 'ओ पेई द्यू कोकेन'. नाव फ्रेंच, गाणं इंग्रजी. तू हवं तसं बदल, पण माझ्याजवळ राहा, एवढीच विनवणी त्यात आहे. माणूस गेला तरी हरकत नाही असं म्हणायचं आणि त्याच श्वासात जाऊ नकोस म्हणायचं, हे मला इतक्या सरळ कोणी ऐकवलं नव्हतं. आमचा गिटारवाला निघाला त्या दिवशी आम्ही तिघं त्याला सोडायला गेलो होतो. सगळे "छान झालं रे, जा" म्हणत होतो. हे गाणं मी ड्रमरला पाठवलं. त्यावर तो काही बोलला नाही, आणि त्या रात्रीचं भांडण तिथे थांबलं.

सगळंच जमलंय असं नाही. शीर्षकगीतात युक्रेनियन समूहगानाचा तुकडा वापरलाय आणि तो बाकीच्या गाण्याशी सतत झटत राहतो. काहींना तेच आवडलंय, मला तीन मिनिटांनंतर थकवा येतो. 'आयलंड्स ऑफ मेन' लांबलं आहे. 'बाउ डाउन' मी अजून कशासाठी ऐकायचं ते मला सापडलेलं नाही. पण शेवटचं 'लाँग आयलंड सिटी हिअर आय कम' सुरू झालं की हिशोब विसरायला होतो. बॅसिनचे ड्रम धावत सुटतात, बाकीचे मागे पळतात. साडेसहा मिनिटांच्या आसपास तो पाठलाग चालतो, आणि कोणीही पुढच्याचा हात सोडत नाही.

तिन्हींत एकच घ्यायचा असेल तर 'गेटिंग किल्ड' घ्या. दुसरा 'ब्लीड्स'. बिग थीफचा अल्बम तिसरा म्हणताना मला वाईट वाटतं, कारण तीनही अल्बममधलं माझं सगळ्यात लाडकं गाणं, 'इनकॉम्प्रिहेन्सिबल', त्यावरच आहे. ऐकताना मात्र तिन्ही सलग ऐका, गाण्यांचा क्रम बदलून नको. आणि फोनच्या स्पीकरवर तर नकोच, गीसचा बेस तिथे ऐकूच येत नाही.

बेसला मी नव्या तारा लावल्यात. 'नो फिअर'ची आकृती बसली. 'हझबंड्स' अजून बसलेलं नाही, डिजेसू एका जागी अर्धी मात्रा उशिरा येतो आणि माझं बोट दर वेळी आधीच पडतं. ड्रमर शनिवारी येणार आहे. तो म्हणतो, दोघांत वाजवून बघू.