रीफ टँकचा ऑटो टॉप-अप: जळगावात दहा महिने वापरल्यानंतर

रीफ टँक म्हणजे कोरल पाळायचा खाऱ्या पाण्याचा टँक, आणि ऑटो टॉप-अप (एटीओ) म्हणजे त्यातलं पाणी उडून गेलं की तेवढंच गोडं पाणी आपोआप भरणारी यंत्रणा. आधी सेटअप, कारण पुढचे सगळे आकडे त्यावरच आहेत. टँक ३ × १.५ × १.५ फूट, खाली संप (फिल्टरची टाकी; टँकचं पाणी इथे उतरतं आणि रिटर्न पंप ते परत वर पाठवतो), दगड-वाळू वजा जाता एकूण पाणी सुमारे २२० लिटर. संपमधला रिटर्न पंपाचा कप्पा ३० × ३० सेंमी, म्हणजे त्यातलं पाणी १ सेंमी उतरलं की ०.९ लिटर उडालं. एटीओचा किट साध्या प्रकारचा: एक ऑप्टिकल सेन्सर, १२ व्होल्टचा छोटा डीसी पंप, कंट्रोलर, आणि पंप सलग ५ मिनिटं चालला तर आपोआप बंद होऊन बझर. ऑक्टोबरात बसवला. हिवाळा, पूर्ण उन्हाळा आणि अर्धा पावसाळा त्यावर गेला आहे.

खान्देशात एटीओ निवडताना पहिला प्रश्न सेन्सरचा नसतो, बाष्पीभवनाचा असतो. डिसेंबर-जानेवारीत हा टँक रोज २ ते २.५ लिटर पाणी उडवतो. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपास, चार पंखे पाण्यावर फिरत असताना, तोच आकडा ७ लिटरवर जातो. जुलैत हवा दमट झाली की दीड-दोन लिटर. ७ लिटर एका दिवसात भरले नाहीत तर सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) ३५ वरून ३६.१ पीपीटीला (हजार भागांत क्षाराचे भाग) पोचते आणि रिटर्नच्या कप्प्यात पाणी पावणेआठ सेंमी खाली जातं, म्हणजे संध्याकाळपर्यंत पंप हवा ओढायला लागतो. मुंबई-पुण्याच्या सल्ल्यावर विसंबून इथे एटीओच्या गोड्या पाण्याच्या कॅनचा आकार ठरवला तर मे महिन्यात फसगत होते.

पंखे बंद करून बाष्पीभवन कमी करू, हा विचार करू नका. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता घेऊन जातं. ७ लिटर म्हणजे दिवसाला साडेचार युनिटच्या वर थंडावा, आणि चिलर नसलेला टँक मे महिन्यात त्यावरच तगतो. खोलीत डेझर्ट कूलर असेल तर मात्र गणित उलटतं. कूलर खिडकी बंद करून चालवला की खोलीची हवा ओली होते, टँकचं बाष्पीभवन ४ लिटरवर येतं आणि पाणी एक-दीड अंशाने तापतं. कूलर चालवायचा तर समोरची खिडकी अर्धी उघडी ठेवा.

आता सेन्सर. ऑप्टिकल सेन्सरच्या टोकाला पारदर्शक प्लास्टिकचा छोटा लोलक असतो, आत इन्फ्रारेड दिवा आणि तो प्रकाश ओळखणारा घटक. टोक हवेत असेल तर प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन परत येतो, पाण्यात असेल तर बाहेर निसटतो. प्रकाश परत आला की सेन्सर म्हणतो ‘कोरडं’ आणि पंप सुरू होतो. एवढं लक्षात ठेवलं की त्याच्या सगळ्या चुका आधीच ओळखता येतात. टोकावर शेवाळ किंवा गुलाबी कोरलाइनचा (दगडासारख्या कठीण शेवाळाचा) थर चढला की तो ‘ओलं’ समजतो: पाणी भरत नाही, सॅलिनिटी चढते. टोकाला हवेचे बुडबुडे चिकटले की ‘कोरडं’ समजतो: जास्त पाणी भरतो. आणि थेट ऊन पडलं की बाहेरचा इन्फ्रारेड आत शिरतो, पुन्हा ‘कोरडं’. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी चारनंतर येणारा कवडसा संपच्या दाराच्या फटीतून बरोबर सेन्सरवर पडत होता. रोज त्याच वेळी पंप अर्धा मिनिट जास्त चालायचा. काळ्या पीव्हीसीचा तुकडा आडवा लावल्यावर ते थांबलं.

सेन्सर जवळून पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते. पाणी टोकाच्या खाली उतरलं तरी लोलकाला एक थेंब लटकून राहतो, आणि तो सुटेपर्यंत सेन्सर ‘ओलं’च सांगतो. त्यामुळे प्रत्येक वेळी पाणी साधारण २ मिमी उतरून मग भरतं, म्हणजे एका खेपेला १८० मिली. हे चांगलं आहे, नाहीतर पंप सेकंदासेकंदाला चालू-बंद होऊन जळाला असता. जानेवारीत दिवसाला बारा खेपा होत, मेमध्ये चाळीसच्या जवळ. पंपाचं आयुष्य उन्हाळ्यात तिपटीने खर्च होतं, हे विकत घेताना डोक्यात असू द्या.

स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि रिटर्न पंपामुळे कप्प्यात लाटा आणि बुडबुडे असतातच. त्यावर उपाय: ४० मिमी पीव्हीसी पाइपचा १५ सेंमी तुकडा, तळाशी ५ मिमीची दोन भोकं, वर एक हवेसाठी, आणि सेन्सर त्याच्या आत. आतलं पाणी शांत राहतं. सेन्सर चुंबकाने काचेला लावायचा असेल तर बाहेरून मार्करने रेघ मारून ठेवा. चुंबक कंपनाने हळूहळू सरकतो, आणि कुणाचा धक्का लागून तो पाण्याबाहेर निघाला तर कंट्रोलरला ते फक्त ‘कोरडं’ दिसतं. चुंबकावरचं प्लास्टिक तडकलं तर त्या दिवशीच बदला, आतलं लोखंड खाऱ्या पाण्यात गंजतं.

आता मुख्य मुद्दा. सेन्सर आज ना उद्या चुकणार हे धरूनच चालायचं. म्हणून एटीओ घेताना तो किती अचूक आहे यापेक्षा, तो चुकेल त्या दिवशी जास्तीत जास्त किती गोडं पाणी टँकमध्ये जाईल, हा आकडा आधी काढायचा. किटचा पंप कागदावर ताशी २४० लिटरचा. संपच्या उंचीवर प्रत्यक्ष मोजला तर मिनिटाला दीड लिटर. ५ मिनिटांत साडेसात लिटर, सॅलिनिटी ३५ वरून ३३.८. एकदा झालं तर कोरल सोसतील. पण बझर ऐकून कुणी घाईत रीसेट केलं आणि सेन्सर तसाच चुकत राहिला तर पुन्हा साडेसात. २५ लिटरचा कॅन पूर्ण रिकामा झाला तर ३१.४. ५० लिटरचा ड्रम ठेवला असता तर २८.५, आणि मग एसपीएस (कठीण सांगाड्याची नाजूक कोरल) वाचणं कठीण.

इथे जळगावचं ठिबकचं मार्केट कामी आलं. पंपाच्या नळीला कनेक्टर लावून पुढे ठिबकची ४ मिमी मायक्रोट्यूब सव्वा मीटर जोडली. प्रवाह दीड लिटरवरून मिनिटाला ४०० मिलीवर आला. मोजायला घड्याळ आणि एक लिटरचं माप पुरतं, आणि हे प्रत्येकाने आपल्या घरी मोजावंच, कारण नळीची लांबी आणि उंची बदलली की आकडा बदलतो. आता एका खेपेला सात सेकंदांऐवजी २७ सेकंद लागतात, त्याने काही बिघडत नाही. पण तीच ५ मिनिटांची मर्यादा आता फक्त २ लिटरची झाली, म्हणजे सॅलिनिटी फार तर ३४.७. कनेक्टर, ग्रोमेट, नळी सगळं मिळून पन्नास रुपयांच्या आत. याची एक गैरसोय आहे: कॅन रिकामा राहून पाणी पाच-सहा सेंमी उतरलं असेल तर मशीन ते एका दमात भरू शकत नाही, मधेच थांबून ओरडतं. अशा वेळी मगने हाताने भरावं. ठिबकच्या दुकानातून घेताना पितळी वस्तू घेऊ नका, तांब्याचा अंश कोरल आणि कोळंबीला मारतो.

दुसरा पहारा म्हणजे ऑप्टिकलच्या २ सेंमी वर लावलेला साधा तरंगता स्विच, पंपाच्या १२ व्होल्टच्या वायरीत सिरीजमध्ये. ऑप्टिकल अडकला तरी १.८ लिटरनंतर हा स्विच पंपाचा पुरवठा तोडतो. दोन्ही सेन्सर ऑप्टिकल असलेले सेट मिळतात, पण शेवाळ दोघांवर एकाच वेळी चढतं. वेगळ्या तत्त्वाचा दुसरा सेन्सर जास्त भरवशाचा. ट्युन्झेच्या ऑस्मोलेटर ३१५५ मध्ये हीच रचना मुळात आहे: खाली इन्फ्रारेड, वर तरंगता, आणि १० मिनिटांची मर्यादा. बजेट असेल तर तो घेऊन ही जोडाजोड टाळता येते.

तरंगता स्विच शंभर-दीडशे रुपयांत मिळतो, पण त्याच्या आतला रीड कॉन्टॅक्ट (चुंबकाने जुळणाऱ्या पातळ पट्ट्या) अगदी नाजूक असतो. त्यावरून २३० व्होल्टचा पंप थेट चालवला तर कॉन्टॅक्ट ठिणगीने चिकटतात आणि पंप थांबतच नाही. बारा व्होल्टचा छोटा पंप ठीक, तरीही पंपाच्या दोन टोकांवर उलटा १एन४००७ डायोड लावा. मोठा पंप असेल तर मधे रिले हवाच. स्विच महिन्यातून एकदा बोटाने उचलून पाहा. मिठाची पापडी आणि गोगलगाय, दोन्ही त्याला जागच्या जागी धरून ठेवतात.

सायफनबद्दल जरा थांबून सांगतो, कारण फरशीवर पाणी बहुतेक वेळा यामुळेच येतं. हे छोटे पंप बंद असताना पाण्याला अडवत नाहीत. कॅनमधलं पाणी नळीच्या तोंडापेक्षा उंच असेल तर पंप थांबला तरी पाणी वाहत राहतं, आणि तेव्हा कोणताही सेन्सर उपयोगाचा नाही. म्हणून काठोकाठ भरलेल्या कॅनची पातळी नळीच्या तोंडाच्या खाली हवी. ते जमत नसेल तर नळीच्या सर्वांत उंच जागी, संपच्या आत पडेल अशा बेताने, २ मिमीचं भोक पाडा. नळीचं तोंड पाण्याच्या वर ५ सेंमी ठेवा, आणि ही पातळी लाइट गेल्यावर संप भरून येतो तेव्हाची धरा, चालू असतानाची नव्हे. नाहीतर खारं पाणी उलटं कॅनमध्ये येतं. तपासायला कॅन पूर्ण भरून पंप दहा सेकंद चालवा, बंद करा आणि अर्धा मिनिट नळीच्या तोंडाकडे पाहत राहा. थेंब थांबले पाहिजेत. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका, कचरा आणि क्षार अडकून तो काही महिन्यांत गळू लागतो.

लाइट इथे जाते-येते. गेल्यावर टँकचं पाणी संपमध्ये उतरतं, सेन्सर बुडलेला असतो, काही होत नाही. गडबड परत आल्यावर होते: रिटर्न पंप आधी कप्प्यातलं पाणी वर ओढतो, पातळी क्षणभर खूप खाली जाते आणि एटीओ लगेच गोडं पाणी टाकतो. दिवसात चार-पाच वेळा असं झालं की संध्याकाळी सॅलिनिटी कमी सापडते. एटीओच्या पुरवठ्यावर ऑन-डिले टाइमर लावून १० मिनिटं उशीर दिला की हे मिटतं. इन्व्हर्टर असेल तर एटीओ आणि रिटर्न पंप एकाच पॉइंटवर घ्या.

पाणी फक्त उडून गेल्यामुळेच उतरतं असं मशीन समजतं, आणि तिथेच ते फसतं. स्किमर ओला चालून कप भरून वाहिला, तर गेलेलं पाणी खारं आणि भरलेलं गोडं. फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) तुंबला किंवा ओव्हरफ्लोचे (टँकमधून पाणी खाली उतरायच्या जागेचे) दात शेवाळाने बुजले, की पाणी अलीकडे अडतं, रिटर्नचा कप्पा उतरतो, एटीओ भरतो. पाणी बदलताना एटीओचा प्लग काढायचा विसरणं हे तर सर्वांत जास्त घडतं. म्हणून एटीओ लावल्यावरही आठवड्यातून दोनदा रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं साधन), तोही ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणावर लावलेला.

कॅनमधलं पाणी घरच्या पिण्याच्या आरओचं चालत नाही. त्यात मिनरल कार्ट्रिज किंवा टीडीएस ॲडजस्टर असतो, बाहेर येणारं पाणी ५०-१०० टीडीएसचं, आणि मेमध्ये रोज ७ लिटर म्हणजे महिन्याला २१० लिटर, जवळजवळ पूर्ण टँकभर. क्षार टँकमध्येच साचतात. मेम्ब्रेननंतर, मिनरल कार्ट्रिजच्या आधी टी काढून डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावा, मीटरवर ० यायला हवं. बोअरच्या पाण्यावर (इथे ७२० टीडीएस) रेझिन फार लवकर संपतं. नळाचं पाणी जमेल तेव्हा साठवून तेच वापरा. पावसाळ्यात वाघूरचं पाणी गढूळ येतं, तेव्हा सेडिमेंट फिल्टर दर पंधरा दिवसांनी पाहा.

कॅन अपारदर्शक, झाकणवाला, नळी आणि वायरीपुरतंच भोक. डासांसाठी ते फार महत्त्वाचं. तळाशी आणखी एक तरंगता स्विच लावला तर पंप कोरडा चालून जळत नाही. मेमध्ये २५ लिटर साडेतीन दिवस पुरतात. गावाला जाताना कॅन मोठा करण्यापेक्षा शेजाऱ्यांना तीन दिवसांनी तो भरायला सांगणं बरं.

कॅल्शियम आणि केएचसाठी (पाण्याच्या अल्कलिनिटीसाठी) एटीओमधून चुन्याची निवळी देण्याचा मोह होतो. या रचनेत देऊ नका. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, एटीओ अडकला तर फक्त सॅलिनिटी नव्हे, पीएचही उसळतो, आणि मायक्रोट्यूब क्षाराने बुजते. पानाचा चुना तर अजिबातच नको, त्यात काय मिसळलेलं आहे ते कळत नाही.

दहा महिन्यांत खराब झालेल्या गोष्टी: पहिला पंप एप्रिलच्या शेवटी घरघरू लागला, इम्पेलर काढून व्हिनेगरमध्ये ठेवूनही सुधारला नाही, बदलला. मायक्रोट्यूबचं टोक उडणाऱ्या शिंतोड्यांच्या मिठाने दोनदा बुजलं. आता महिन्याला एक सेंमी कापून टाकायची. सेन्सर मऊ कापडाने आठवड्याला पुसायचा, महिन्यातून एकदा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये वीस मिनिटं, घासायचा नाही, लोलकावर ओरखडा पडला की तो कायमचा चुकतो. वायरी सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जातील अशा बांधा आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असू द्या.

किट घ्यावा का? तरंगता स्विच आणि मायक्रोट्यूब जोडायची तयारी असेल तर हो. डब्यातून काढून तसाच लावणार असाल, तर या किटमध्ये एकच सेन्सर आहे आणि पंप गरजेपेक्षा चौपट जोरकस आहे. तसा मी तो मेमध्ये एकटा सोडणार नाही. सुटा पंप, एक तरंगता स्विच आणि दोन मीटर मायक्रोट्यूब मार्चमध्येच आणून ठेवा.