पॉवरपॉइंटमध्ये भागेल, की फिग्मा लागेलच?

पाच-सहा जणांची टीम, ॲपचे वीसेक स्क्रीन दाखवायचेत आणि मायक्रोसॉफ्टचे पैसे वर्षाचे आधीच भरलेत. मग फिग्माचा, म्हणजे ॲपचे स्क्रीन आखायच्या ऑनलाइन साधनाचा, वेगळा खर्च कशाला, असं अकाउंट्सवाले विचारतातच. रास्त आहे त्यांचं.

कारण पॉवरपॉइंटमध्ये प्रोटोटाइप, म्हणजे क्लिक करून बघता येणारा ॲपचा कच्चा नमुना, होतो. बटणाला लिंक लावून हव्या त्या स्लाइडवर नेता येतं आणि मॉर्फ ट्रान्झिशन दिलं की मेनू सरकतानासुद्धा दिसतो. आम्ही कितीतरी दिवस असंच भागवलं. फसलो ते चाचणीत. बिल भरायचा स्क्रीन एका काकूंपुढे ठेवला. त्यांनी ‘पैसे भरा’च्या चांगलं दोन बोटं खाली क्लिक केलं, तरी पुढचा स्क्रीन आला. आम्ही खूश! स्लाइड शोमध्ये रिकाम्या जागी क्लिक केलं तरी स्लाइड पुढे जाते, हे लक्षात यायला आणखी दोन माणसं बसवावी लागली. तोवरची सगळी टिपणं रद्दीत.

यावर उपाय आहे. ट्रान्झिशन टॅबमधली ‘ऑन माउस क्लिक’ची खूण सगळ्या स्लाइडवरून काढायची, किंवा शो किऑस्क मोडवर टाकायचा, म्हणजे रिकाम्या जागी क्लिक केल्याने स्लाइड हलत नाही. फिग्मात चुकीच्या जागी क्लिक केलं तर स्क्रीन जागचा हलत नाही. फक्त लिंकच्या जागा क्षणभर निळ्या चमकतात. चाचणीआधी तेवढं बंद करा, नाहीतर पेपरसोबत उत्तरंही वाटल्यासारखं होतं.

दुसरा फरक दुरुस्तीच्या वेळी कळतो. खालच्या पट्टीतलं एक चिन्ह बदलायचं, तर फिग्मात मूळ कंपोनंट (एकदा बनवून सगळीकडे वापरलेला भाग) बदला, वीसही स्क्रीन बदलतात. पॉवरपॉइंटचा स्लाइड मास्टर, म्हणजे सगळ्या स्लाइडचा मूळ साचा, हे काही अंशी करतो. पण निवडलेला टॅब, न निवडलेला टॅब असे प्रकार आले की कॉपी-पेस्ट सुरू.

एकत्र काम करणं हा फिग्माचा हुकमी एक्का. २०१६ साली बाजारात आलं तेच मुळी ब्राउझरमध्ये. पण वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यावर, ठेवलेल्या पीपीटीतही दोघंतिघं एकदम लिहू शकतात.

देवनागरीचं मात्र दोन्हीकडे बघून घ्या. जुन्या पीपीटीतला मजकूर युनिकोडपूर्व, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या फॉन्टमधला असेल, तर फिग्मात चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. नव्या कामाला ‘मुक्ता’सारखे गूगल फॉन्ट फिग्मात आयतेच मिळतात. पॉवरपॉइंटमध्ये तोच फॉन्ट समोरच्याच्या मशीनवर नसला आणि फाइलमध्ये एम्बेड केलेला नसला, तर मांडणी हमखास विस्कटते.

आणि बैठकीच्या खोलीत? तिथे पॉवरपॉइंट. एका ग्राहकाच्या कॉन्फरन्स रूममध्ये पाहुण्यांच्या वायफायवर आमची फिग्माची लिंक उघडेचना. शेवटी पेन ड्राइव्हवरच्या पीपीटीने लाज राखली. शिवाय साहेबांना आकड्याचा तक्ता रात्री अकराला स्वतःच बदलायचा असतो, त्यांना फिग्मा शिकवायला कोण बसणार! २०२४ मध्ये फिग्मा स्लाइड्स आलं, त्यातून पीपीटी काढता येते. पण फक्त प्रेझेंटेशनसाठी मी ते घेणार नाही.

म्हणून सगळ्यांना फिग्मा देऊ नका. स्क्रीन प्रत्यक्ष आखणाऱ्या दोघांपुरत्याच सीट, म्हणजे माणशी पैसे भरून मिळणारे परवाने, घ्या. बाकीच्यांना नुसतं बघायला आणि कमेंट टाकायला पैसे पडत नाहीत. महिन्यातून एखादाच स्क्रीन बदलत असेल, तर त्या दोन सीटही थांबू शकतात.