गाय उलटतेय: गावचा वळू की कृत्रिम रेतन?

जळगाव-धुळ्याकडे गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की दोष आधी वळूवर किंवा कृत्रिम रेतनाच्या (गोठवलेल्या वीर्याच्या) कांडीवर जातो. जंतूंच्या विषाकडे लक्ष द्या. शेणातला ई. कोलाय हा जंतू शुक्राणूंना चिकटून त्यांचे पुंजके करतो. त्याच्या भित्तिकेतलं एंडोटॉक्सिन हे विष शुक्राणूंची ऊर्जा आणि हालचाल मंदावतं.

गावचा वळू माज अचूक ओळखतो, ही त्याची जमेची बाजू. पण त्याच्या शिश्नावरणात कॅम्पिलोबॅक्टर हा वांझपणा आणणारा जंतू दडलेला असू शकतो, आणि वळू दिसतो ठणठणीत! एका गायीचा रोग दुसरीला, म्हणून तपासणी नसलेला वळू आम्ही नाकारतो.

कांडीत प्रतिजैविक असतं. ते जंतू मारतं, मेलेल्या जंतूंचं विष मात्र उरतंच. म्हणून रेत काढतानाची स्वच्छता निर्णायक. पुढचं गोठ्यात बिघडतं: कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरायची, पुसून कोरडी करायची, योनिमुख कागदाने स्वच्छ करूनच रेतनाची नळी घालायची. शेण लागलेली नळी जंतू थेट गर्भाशयात नेते.

बळस (माजातला चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ हवा. गढूळ किंवा पूमिश्रित असेल तर वळूही नको, कांडीही नको. आधी पशुवैद्यकाकडून गर्भाशयाचा उपचार करून घ्या.