लाकडी आकाशकंदिलाचा सांगाडा : दोन दिवाळ्या आणि मधला पावसाळा

2024च्या दिवाळीपूर्वी दादरच्या बाजारातून एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) पट्ट्यांचा, खाचेत खाच अडकवून उभा करायचा सहा बाजूंचा आकाशकंदील साडेतीनशे रुपयांना आणला. सोबत कागद, झिरमिळ्या, रंग असे काहीच नव्हते आणि मला नेमके तेच हवे होते. माहीमच्या कंदील गल्लीतले तयार कंदील देखणे असतात, पण त्यांत मुलांनी करण्यासारखे काही उरलेले नसते. जोडणी सोपी निघाली. मुलीने पतंगी कागद मैद्याच्या खळीने चिकटवला आणि एका बाजूवर स्केचपेनने ‘शुभ दिपावली’ लिहिले. आत 9 वॅटचा एलईडी दिवा लावल्याने कागद तापण्याची धास्ती राहिली नाही.

खरी परीक्षा पावसाळ्याने घेतली. कंदील आम्ही न सोडवता तसाच माळ्यावर टाकला होता; सप्टेंबरमध्ये खाली काढला तेव्हा खळ लावलेल्या जागी कसरीने कागद कुरतडला होता आणि खाचांजवळच्या कडा इतक्या फुगल्या होत्या की, एकदा सोडवलेली 3 मिलिमीटरची पट्टी पुन्हा खाचेत बसेना. एमडीएफ कापलेल्या कडेतून ओल शोषून घेतो आणि एकदा फुगला की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. वेष्टनावर ‘वर्षानुवर्षे वापरा’ असे छापणाऱ्याने ही एक ओळ लिहायला हवी होती.

फुगलेल्या कडा पॉलिश पेपरने घासून सगळ्या पट्ट्यांना ऑइल पेंटचे दोन हात दिले. त्याचा एक अनपेक्षित फायदा असा झाला की, रंगवलेल्या पट्टीवरची खळ ओल्या फडक्याने सहज पुसली जाते आणि जुना कागद अलगद सुटतो. जुनी माणसे कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत, परंतु तो विषारी असल्याने मुलांच्या हाती देणे मला पटत नाही. त्यापेक्षा दिवाळी संपताच कागद काढून, पट्ट्या सुट्या करून, कोरड्या कपाटात ठेवणे बरे. नवीन घेणाऱ्यांनी मात्र रंगाचे काम पहिल्याच दिवशी उरकावे.

2025च्या दिवाळीत पाच बाजूंना नवा कागद लागला. सहावी बाजू सोडवू द्यायला मुलगी तयार नव्हती, पण ‘दि’ ऱ्हस्व लिहिला गेल्याचे आता तिलाही कळत असल्याने, ती बाजू तिने भिंतीकडे करून टांगायला लावली.