अ‍ॅलोप्युरिनॉल १०० मिग्रॅ: गाऊटसाठी वर्षानुवर्षं घ्यायची गोळी

गाऊट म्हणजे रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढून सांध्यात, बहुतेकदा पायाच्या अंगठ्यात, अचानक सूज आणि वेदनांचे झटके येणारा आजार. त्यावरची ही गोळी इंदूरच्या दवा बाजारापासून राजेंद्र नगरच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत सहज मिळते. झायलोरिक हे तिचं जुनं नाव, शिवाय जेनेरिकही आहेत. अमेरिकेत तिला १९६६ मध्ये मंजुरी मिळाली. तिच्या जन्मदात्यांपैकी गरट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चं नोबेल मिळालं. इतकी जुनी, स्वस्त आणि पारखलेली गोळी असूनही ‘घेतली की अंगठा जास्तच दुखतो’ अशी तिची बदनामी घरोघरी ऐकू येते. आमच्या मते गोळी उत्तम आहे. ती सुरू करण्याची आणि मध्येच सोडून देण्याची पद्धत मात्र वाईट आहे.

आधी ती कोणासाठी नाही ते पाहू. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये युरिक अ‍ॅसिड ७.५ आलं, पण सांधा कधीच सुजला नाही, तर सहसा गोळीची गरज नसते. वर्षातून दोन किंवा जास्त झटके येत असतील, कानाच्या पाळीवर, कोपरावर किंवा बोटांवर पांढरट गाठी दिसत असतील, किंवा एक्स-रेमध्ये हाड खाल्लेलं दिसत असेल, तर ती लागते. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा मुतखडा होत असेल, तर पहिल्या झटक्यानंतरही डॉक्टर ती सुरू करू शकतात.

ही वेदनाशामक गोळी नाही. शरीरात युरिक अ‍ॅसिड तयार करणारं एन्झाइम ती अडवते. रक्तात साधारण ६.८ मिग्रॅच्या (प्रति डेसिलिटर) वर युरिक अ‍ॅसिड विरघळलेलं राहू शकत नाही, सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक बसतात. म्हणून लक्ष्य ६ च्या खाली, आणि गाठी असतील तर ५ च्या खाली. दुखणं थांबलं यावरून डोस ठरवायचा नसतो, तो रिपोर्टमधल्या आकड्यावरून ठरतो.

सुरुवात रोज १०० मिग्रॅने, जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत. मूत्रपिंड कमजोर असेल तर ५० ने, म्हणजे अर्ध्या गोळीने. त्यानंतर दर २ ते ५ आठवड्यांनी रक्त तपासायचं आणि आकडा ६ च्या वर असेल तर डॉक्टरांनी डोस १०० ने (मूत्रपिंडाच्या रुग्णात ५० ने) वाढवायचा. पहिल्याच दिवशी ३०० सुरू करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण त्याने झटकेही वाढतात आणि त्वचेच्या गंभीर रिअ‍ॅक्शनचा धोकाही. उलट बाजूची चूकही तितकीच घरोघरी दिसते: १०० वर सुरू झालेली गोळी वर्षानुवर्षं १०० वरच चालू असते, रिपोर्ट ७.८ येतो आणि घरचे म्हणतात, ‘गोळी तर चालू आहे ना!’ ३०० ही काही कमाल मर्यादा नाही. पुष्कळांना त्याहून जास्त लागते आणि देखरेखीखाली डोस ८०० पर्यंतही नेला जातो. ३०० च्या वर गेलं की तो दोन वेळांत विभागतात.

आता त्या बदनामीचं मूळ. आकडा उतरू लागला की सांध्यात वर्षांपासून बसलेले स्फटिक सुटू लागतात आणि त्यांच्याभोवती सूज पेटते. पहिल्या काही महिन्यांत झटका येणं हे औषध लागू पडत असल्याचं लक्षण असू शकतं. म्हणूनच सोबत ३ ते ६ महिने ही सूज रोखणारं कमी डोसचं कोल्चिसिन, सहसा ०.५ मिग्रॅ रोज एकदा किंवा दोनदा, लिहून देतात. पर्चीवर ते नसेल तर डॉक्टरांना विचाराच. झटका आला तरी अ‍ॅलोप्युरिनॉल बंद करायचं नाही. झटक्याचं औषध वरून घ्यायचं. थांबवून पुन्हा सुरू केलं की आकडा वरखाली होतो आणि नवे झटके त्यातूनच येतात. कोल्चिसिनने जुलाब लागले तर डॉक्टरांना कळवा, आणि क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक), व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम (रक्तदाब-हृदयाची औषधं) चालू असेल तर आधीच सांगा, कारण त्यांच्यामुळे कोल्चिसिन शरीरात साठून विषारी होतं. काउंटरवरून डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या स्ट्रिप आणून महिनोन्‌महिने खाणं मूत्रपिंडाला बाधतं. ‘वाताची पुडी’ म्हणून मिळणाऱ्या, घटक न लिहिलेल्या चूर्णापासूनही दूर राहा, त्यात स्टेरॉइडची भेसळ असू शकते.

तपासणीबद्दल एक गोष्ट हमखास चुकते. ऐन झटक्यात युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकतं, म्हणून त्यावरून ‘गाऊट नाही’ असं ठरवू नये. झटका शमल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा करा. सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एसजीपीटी (यकृतासाठी) आणि सीबीसी (रक्तपेशींसाठी) या तपासण्या करून घ्या. आकडा स्थिरावला की सहा महिन्यांतून एकदा पुरे.

खरा धोका पुरळाचा, तोही मुख्यतः पहिल्या दोन-तीन महिन्यांत. अंगावर पुरळ, ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, चेहरा सुजणं यांपैकी काहीही दिसलं तर गोळी त्याच क्षणी बंद करा आणि थेट दवाखाना गाठा. ‘अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन बघू’ इतकाही वेळ घालवू नका, आणि नंतर स्वतःहून ती पुन्हा सुरू करू नका. अ‍ॅझाथायोप्रिन (प्रत्यारोपणानंतर वगैरे दिलं जाणारं, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) किंवा त्याच जातीचं मर्कॅप्टोप्युरिन घेणाऱ्यांना तर ही गोळी जिवावर बेतू शकते: त्या औषधांचा परिणाम कित्येक पटींनी वाढून रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा दबते. मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेल्या माणसाने हे प्रत्येक डॉक्टरला स्वतः सांगितलंच पाहिजे. रक्तदाबासाठी थायझाइड ही लघवी वाढवणारी गोळी असेल तर तिने युरिक अ‍ॅसिड वाढतं, लोसार्टन या रक्तदाबाच्याच गोळीने थोडं घटतं. बदल सुचवायला डॉक्टरांना सांगा, स्वतः करू नका.

पथ्याने आकडा थोडाच उतरतो. म्हणून तुरीचं वरण, पालक, टोमॅटो बंद करून घरच्यांना छळण्यात अर्थ नाही. कलेजी, सार्डिनसारखे मासे, बिअर आणि गोड शीतपेयं आवरा. छप्पन दुकानवर पोहे खा, सोबतचं थंडगार गोड पेय टाळा. इंदूरच्या मे महिन्यात पाणी कमी पडलं की झटका येतो, तेव्हा बाहेर निघताना बाटली हवीच. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याचं प्रमाण डॉक्टर ठरवतील.

घेताना १०० आणि ३०० च्या स्ट्रिप नीट वाचा, नावं सारखी असल्याने अदलाबदल होते. जन औषधीचं जेनेरिकही चालतं. अर्धी करायची असेल तर मधोमध रेघ असलेली गोळी मागा.

फेबुक्सोस्टॅट हा दुसरा पर्याय. अ‍ॅलोप्युरिनॉल सोसत नसेल तर ते ४० मिग्रॅपासून सुरू करतात, नीट काम करतं. पण २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंबाबत त्यावर ठळक इशारा लावला. पुढच्या वर्षीच्या युरोपातल्या मोठ्या चाचणीत तसा धोका दिसला नाही, तरी ज्यांना हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक येऊन गेला आहे, त्यांनी हा इतिहास सांगितल्याशिवाय ते घेऊ नये. दोन्ही गोळ्या एकदम घ्यायच्या नसतात.