बंद चौकट की वावाची हद्द?

गावासमोरचा समुद्र राखायचा तर मागणी कशाची करायची, हा विषय किनाऱ्यावरच्या संस्थांच्या बैठकांत हल्ली सारखा निघतो. खडपांभोवतीचा, म्हणजे समुद्रातल्या खडकांभोवतीचा, एक तुकडा चौकट आखून सगळ्यांनाच कायमचा बंद करायचा, की पाण्याची खोली वावांत मोजून किनाऱ्यालगतचा लांबलचक पट्टा फक्त ट्रॉलरला, म्हणजे तळावरून जाळं ओढणाऱ्या यांत्रिक नौकांना, बंद ठेवायचा? देवगड आणि मालवणच्या मधल्या आमच्या गावात चार वर्षांपूर्वी यावरच ठराव झाला. मी तेव्हा कमिटीवर होतो. पुढे जे लिहितोय ते आमच्या पाण्यावरून. तुमच्याकडे खाडी किंवा चिखलाचा तळ असेल तर हिशेब थोडा वेगळा लागेल.

पावसाळी बंदीबद्दल फार बोलत नाही. 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस हवेतच, त्यावर वाद नको. पण समुद्र उघडला की सगळ्या नौका एकदमच पाण्यात उतरतात आणि पहिल्या आठवड्यात बंदरावर बोटभर लांबीची पिल्लं पडलेली दिसतात. तळ ओरबाडायला उरलेले दहा महिने मोकळेच असतात. तेवढ्यावर विसंबून राहू नका, इतकंच.

आता चौकट. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. एकूण 29 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा जेमतेम 3. स्थानिकांचा विरोध अनेक वर्षं राहिला आणि तो समजण्यासारखा आहे. पण बंद तुकड्याचं मोल मी कमी लेखत नाही. प्रवाळ, कालवं, खडपाला धरून राहणारे मासे यांना त्यासारखा आसरा दुसरा नाही. गोबऱ्याचंच बघा. तो एका कपारीत वर्षानुवर्षं राहतो. तो जन्मतो मादी म्हणून आणि मोठा झाल्यावर त्यातले काही नर होतात. म्हणजे गरीला लागलेले मोठमोठे गोबरे आपण काढत गेलो की खडपावर नरच उरत नाहीत. असा मासा वाचवायचा तर त्याचं घरच बंद ठेवावं लागतं. बांगडा, पेडवे, सुरमई यांना मात्र तीन चौरस किलोमीटरची चौकट म्हणजे वाटेवरचा एक थांबा. आज आत, उद्या बाहेर.

तरीही माझा कौल आधी चौकटीलाच होता. तो फिरला एका हंगामात. ठरावाआधी आम्ही आपणहून खडपाभोवती चौकट राखून पाहिली. चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मोबाईलमध्ये घातले, खुणेसाठी चार बोये (पाण्यावर तरंगणारे गोळे) बांधले. पहिल्याच खवळलेल्या पाण्यात दोन बोये गेले, तिसऱ्याचा दोर कापलेला सापडला. त्यानंतर हद्द उरली ती फक्त पडद्यावर. गरवायला जाणारे माझे काका एकदा खडपाच्या बाहेर नांगर टाकून बसले होते. पाण्याच्या ओढीने होडी नांगरावर फिरली आणि त्यांची दोरी आत आहे म्हणून आमच्याच पोरांनी हटकलं. काका शांतपणे म्हणाले, "रे, ती रेषा खंय आसा ता माका दाखय." कोणालाच दाखवता आली नाही. वाहतं जाळं टाकणाऱ्यांचं तर विचारू नका. जाळ्याचं एक टोक बाहेर, दुसरं आत, आणि रात्री काळोखात ते कोण मोजणार? त्या हंगामात आमची जेवढी भांडणं झाली ती सगळी गावातल्या गावात झाली. ज्या ट्रॉलरसाठी एवढा खटाटोप केला, त्यांच्याशी एकही नाही. न दिसणारी रेषा ही एकच गोष्ट मला शेवटपर्यंत खटकत राहिली.

वावाचं तसं नाही. 1981 च्या सागरी मासेमारी कायद्याखाली जागेनुसार 5 किंवा 10 वाव पाण्याच्या आत यांत्रिक ट्रॉलिंगला मनाई आहेच, म्हणजे नवीन काही मागायचं नाही, आहे ते पाळून घ्यायचं. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची लांबी, साधारण सहा फूट. दोरीला शिसं बांधून सोडलं की कोणालाही कळतं आपण कुठे आहोत. ट्रॉलरवाल्याकडे तर खोली दाखवणारं यंत्र असतं, त्यामुळे "कळलं नाही" म्हणायची सोय त्यालाही राहत नाही. आणि ही हद्द रापणकराला (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्याला), गरीवाल्याला, छोट्या जाळेवाल्याला बाहेर काढत नाही, म्हणून तेच तिची राखण करतात.

उणिवा आहेत. दिवे मालवून रात्री आत येणारे येतातच, आणि गस्त कमी पडते. पट्ट्यात तळ शाबूत राहतो, पण खडपात अडकून तुटलेली जाळी तिथेच मासे मारत राहतात, त्यावर वावाचा इलाज नाही. तरीही दोन हंगामांनंतर आमच्या रापणीत लेपा आणि छोटी मोरी पुन्हा दिसू लागली. मोजमाप मी केलेलं नाही. पाऊस, वारा, नशीब, काहीही असू शकेल. पण वीस वर्षं रापण ओढणाऱ्या हातांना फरक जाणवला.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरा. 2022 च्या डिसेंबरात माँट्रियलला जगातल्या देशांनी 2030 पर्यंत 30 टक्के जमीन आणि समुद्र राखायचं ठरवलं. त्यात अभयारण्याखेरीज इतर राखलेली क्षेत्रंही धरतात, हेतू मासेमारीचा असला तरी. अट एवढीच की राखण दीर्घकाळ टिकली पाहिजे आणि तिथली जीवसृष्टी खरोखर टिकल्याचं दिसलं पाहिजे. नीट पाळलेला पट्टा त्यात बसावा असं मला वाटतं.

आम्ही शेवटी पट्टा घेतला. खडपापुरता एकच नियम जोडला: तिथे नांगर टाकायचा नाही आणि अडकलेलं जाळं दिसलं तर काढून आणायचं. तुमच्या गावात गोबरा, प्रवाळ भरपूर असेल आणि बोये जागेवर राहण्याइतकं पाणी शांत असेल, तर चौकटीचा विचार जरूर करा. नसेल, तर ठरावाआधी ऑक्टोबरात पाणी निवळल्यावर दोरी-शिसं घेऊन एकदा जाऊन या. देवळाचा कळस आणि डोंगराचं टोक यांच्या खुणा जुळवून 10 वाव कुठे पडतात ते वहीत लिहून ठेवा. आमच्याकडे ते आमच्या अंदाजापेक्षा बरेच बाहेर पडले.